किलोमागे किती पडले? किराण्याच्या वाढत्या बिलाबद्दल वाचकांचे प्रश्न

महिन्याच्या किराण्यावर या वेळी बरीच पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत. उदाहरणांतले भाव हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या गावचे आकडे घालून तोच हिशेब करावा.

दर महिन्याला सुपर मार्केटमधून त्याच वस्तू, त्याच कंपन्यांच्या भरतो. एमआरपी फारशी वाढलेली दिसत नाही, पण पंचविशीलाच डबे रिकामे होतात. आमचा वापर वाढलाय की आणखी काही? (डोंबिवली)

आधी पाकिटाचे वजन पाहा, वापराचा विचार नंतर. बिस्किटे, फरसाण, चहा, साबण यांचा मोठा खप 5, 10, 20 रुपयांच्या ठरलेल्या किमतींवर चालतो. 10 चे पाकीट 11 ला केले की गिऱ्हाईक बिचकते आणि सुट्ट्या पैशांचाही घोळ होतो. म्हणून कच्चा माल महागला की किंमत तीच राहते आणि आतले ग्रॅम उतरतात. पूर्वी चहा, बिस्किटे, पीठ, खाद्यतेल अशा काही वस्तू ठरावीक वजनांतच भरायचे बंधन होते. आवेष्टित, म्हणजे पाकीटबंद वस्तूंच्या नियमांत 2021 मध्ये दुरुस्ती झाली आणि ते बंधन निघाले. त्याच दुरुस्तीने पाकिटावर एकक किंमत छापणे मात्र सक्तीचे झाले. एमआरपीच्या जवळच 'यूएसपी' किंवा 'प्रति ग्रॅम' असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, तीच ही किंमत. 1 किलोपेक्षा कमी वजन असेल तर ती ग्रॅममागे असते, जास्त असेल तर किलोमागे. द्रव पदार्थांना तसेच मिली आणि लिटर.

हा आकडा कामाचा आहे, पण त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नका. तो दोन दशांश स्थळांपर्यंतच छापतात. एका पाकिटाचा खरा दर ग्रॅमला 0.146 रुपये आणि दुसऱ्याचा 0.154 असेल, तर दोन्हींवर 0.15 असेच दिसते. प्रत्यक्षात किलोमागे 146 आणि 154, म्हणजे 8 रुपयांचा फरक. दुसरी अडचण अशी की हा दर एमआरपीवर काढलेला असतो. दुकान ज्या सवलतीत विकते, तिचा त्यात हिशेबच नसतो. मोठ्या पाकिटावर 3 टक्के सूट आणि छोट्यावर 15 टक्के, असे असेल तर छापील एकक किंमत तुम्हाला चुकीच्या पाकिटाकडे नेईल.

त्यामुळे मोबाइलवर स्वतःच भागाकार करा. फळीवर लिहिलेला विक्रीचा भाव भागिले ग्रॅम, गुणिले 1000. दोन पाकिटांना अर्धा मिनिटही लागत नाही. प्रत्येक वस्तूसाठी हे करायची गरज नाही. तेल, तांदूळ, आटा किंवा गहू, डाळी, साखर, चहा, कपड्यांची पावडर आणि तूप, एवढ्या आठ वस्तूंचा किलोमागचा दर एका वहीत तारखेसह लिहीत जा. बहुतेक घरांत बिलाचा मोठा भाग याच वस्तूंचा असतो. तीन महिन्यांत तुमच्या भागातला खरा भाव तुम्हाला पाठ होईल आणि 'आज फक्त' असे लिहिलेली पाटी खरी की खोटी, तेही कळेल.

मोठे पाकीट नेहमी स्वस्तच पडते असेही नाही. शाम्पूच्या रुपया-दोन रुपयांच्या पुड्या मिलीमागे बाटलीपेक्षा पुष्कळदा स्वस्त निघतात. तिथेही भागाकारच करून पाहावा.

आता वापराचे. पाकीट फोडताना त्यावर मार्करने तारीख लिहा. संपले की किती दिवस चालले ते वहीत टिपा. दोन महिने हे केलेत की डबे लवकर का रिकामे होतात याचे उत्तर तुमच्या समोर असेल.

तेलाच्या पिशवीवर कुठे 1 लिटर, कुठे 910 ग्रॅम, कुठे 800 ग्रॅम. तुलना कशी करायची? आणि तेलाचे भाव एकदम इतके वरखाली का होतात? (सांगली)

सोयाबीन किंवा सूर्यफुलाचे 1 लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरते. तेल तापले की फुगते, म्हणून लिटर बदलतो. ग्रॅम बदलत नाहीत. तुलना नेहमी ग्रॅमवर करा. समजा, 910 ग्रॅमची पिशवी 140 रुपयांना आहे आणि 800 ग्रॅमची 128 ला. हाताला दुसरी स्वस्त वाटते. किलोचा दर काढला तर पहिली सुमारे 154 रुपयांना पडते आणि दुसरी 160 ला. 800 ग्रॅम म्हणजे जेमतेम 880 मिली, पण पिशवीचा आकार लिटरच्या पिशवीसारखाच असल्याने ते नजरेत येत नाही. 15 किलो आणि 15 लिटरच्या डब्यांतही हीच गफलत होते. 15 लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या आसपास तेल असते.

भावाचे कारण देशाबाहेर आहे. आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल आयात होते: पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनकडून. 2022 मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात काही आठवडे थांबवली, तेव्हा सगळीच तेले भडकली. नंतर सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे एकूण आयात शुल्क 5.5 वरून 27.5 टक्क्यांवर नेले, कारण इथे सोयाबीन उत्पादकाला भाव मिळत नव्हता. मे 2025 च्या अखेरीस ते 16.5 टक्क्यांवर आणले. शुल्क वाढल्याची बातमी आली की किरकोळ भाव काही दिवसांतच चढतात. कपातीचा फायदा पोहोचायला मात्र आधीचा साठा संपेपर्यंत वाट पाहावी लागते. शुल्क घटल्याचे वाचलेत तर त्या महिन्यात 15 किलोचा डबा घेऊ नका, दोन-तीन पिशव्यांवर भागवा.

आहारतज्ज्ञ माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर तेल सांगतात. चौघांच्या घरात 4 लिटर लागत असेल तर बचतीची सर्वांत मोठी जागा तुमच्या कढईतच आहे. बुधल्यातून थेट ओतण्याऐवजी पळीने मोजून घातले तरी फरक दिसतो.

2025 च्या अखेरीस वर्तमानपत्रात महागाई जवळजवळ शून्यावर आली असं वाचलं. मग माझं बिल कमी का होत नाही? (नाशिक, निवृत्त शिक्षक)

कारण तो दर वाढीचा असतो, भावाच्या पातळीचा नसतो. किरकोळ खाद्यपदार्थांच्या महागाईचे ऑक्टोबर महिन्याचे अधिकृत आकडे घ्या: 2023 मध्ये 6.61 टक्के, 2024 मध्ये 10.87 टक्के आणि 2025 मध्ये उणे 5.02 टक्के. ऑक्टोबर 2022 मध्ये जी पिशवी 100 रुपयांत भरायची, ती पुढच्या वर्षी 106.61 ला गेली, त्याच्या पुढच्या वर्षी 118 च्या वर आणि भाव 'उतरल्या'वर 112 ला आली. बातमी खरी आहे आणि तुमचे बिलही खरे आहे. शिवाय ती घसरण मुख्यतः भाज्या आणि डाळींची होती. तुमच्या यादीत तेल जास्त असेल तर ती तुम्हाला जाणवणारही नाही.

एप्रिलात वर्षाचे गहू भरावेत की दर महिन्याला तयार आटा आणावा? मागच्या वर्षी भरलेल्या गव्हाला ऑगस्टमध्ये सोंडे लागले. (छत्रपती संभाजीनगर)

हिशेब आधी. समजा, चांगला लोकवन एप्रिलात किलोला 36 रुपये, गिरणीची दळणावळ 7 रुपये. निवडताना आणि दळताना शेकडा 3 ते 4 तूट धरा. पीठ किलोला साधारण 44-45 रुपयांना पडते. तुमच्या दुकानातल्या तयार आट्याचा किलोचा दर याच्या शेजारी मांडा. चौघांच्या पोळ्यांना महिना 10-12 किलो धरले तर वर्षाचा फरक लगेच निघेल. हंगाम मार्च-एप्रिलचा असतो, भाव तेव्हा पडलेले असतात आणि दिवाळीकडे चढत जातात. जागा असेल आणि साठवण नीट जमत असेल तर गहू भरणे परवडते. साठवण बिघडली तर 10 किलो गहू टाकून दिल्यावर सगळी बचत गेली.

सोंडे बाहेरून क्वचितच येतात. बहुधा ते दाण्यातल्या अंड्यांतून किंवा कोठीच्या सांदीत राहिलेल्या जुन्या दाण्यांतून येतात, आणि त्यांना वाढायला ओल लागते. म्हणून कोठी आधी रिकामी करून धुवा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा. जुना गहू नव्यात मिसळू नका. नवा गहू चाळून, निवडून पातळ थरात दोन ते तीन दिवस कडक ऊन द्या आणि दुपारी एकदा हलवा. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. चिवट लागला, दबला तर अजून ऊन हवे.

खरी चूक यानंतर होते. उन्हातून उचललेला गरम गहू लोक तसाच कोठीत भरतात. रात्री पत्रा थंड होतो, आतल्या वाफेचे पाणी सुटते आणि वरच्या थराला बुरशी धरते. गहू घरात पसरून रात्रभर पूर्ण गार होऊ द्या, मग भरा. कोठी गळ्यापर्यंत भरा, वर मोकळी हवा कमीत कमी राहिली पाहिजे. झाकणाच्या फटीला चिकटपट्टी लावा. दळणासाठी कोठी आठवड्याला उघडू नका, महिन्याभराचा गहू एकदम काढून छोट्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात तर हे फार महत्त्वाचे आहे. कोठी भिंतीपासून वीतभर दूर आणि लाकडी पाटावर हवी. थेट फरशीवर ठेवली की तळाला ओल येते.

कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळवून, ओला नाही. पाऱ्याच्या टिकड्या आणि बोरिक पावडर खाण्याच्या धान्यात घालू नयेत. धान्यात ठेवायच्या ज्या विषारी वायूच्या गोळ्या काही ठिकाणी सर्रास मिळतात, त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. त्या घरात आणूच नका. ओलाव्याशी संबंध आला की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचे त्याने जीव गेले आहेत.

अख्खे मूग, मटकी, चवळी, हरभरा यांना भुंगेरे लवकर धरतात. किलोला छोटा चमचाभर, म्हणजे 5 मिली एरंडेल तळहाताने चोळून ठेवा. थोडे कडधान्य असेल तर चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवून, बंद पिशवीतच पुन्हा सामान्य तापमानाला येऊ द्या आणि मग डब्यात भरा. पिशवी लगेच उघडली तर दाण्यांवर दव जमते.

दळलेले पीठ मात्र साठवू नका. कोंड्यातले तेल हवेने खवट होते. पावसाळ्यात 15 दिवसांपुरतेच दळा.

सुट्या तांदळावर जीएसटी नाही आणि पाकिटावर आहे, हे खरं का? आणि सप्टेंबर 2025 मध्ये कर कमी झाला, मग किराणा स्वस्त का झाला नाही? (सोलापूर)

खरे आहे. 18 जुलै 2022 पासून आधीच बंद केलेल्या, लेबल लावलेल्या 25 किलोपर्यंतच्या तांदूळ, गहू, पीठ, डाळींच्या पाकिटांवर 5 टक्के कर आहे. दुकानदाराने पोत्यातून तुमच्यासमोर मोजून दिलेल्या मालावर नाही. 25 किलोपेक्षा मोठ्या पोत्यावरही नाही. 26 किलोचे तांदळाचे पोते दिसते ते यामुळेच. दोन शेजाऱ्यांनी मिळून असे पोते घेतले तर पाकिटापेक्षा बहुधा स्वस्त पडते. सुटा माल घेताना मूठभर तळहातावर पसरून कणी, खडे आणि किडका दाणा पाहा. 60 रुपयांच्या तांदळात दहावा हिस्सा कणी असेल आणि ती तुम्ही वेगळी काढणार असाल, तर अख्खा तांदूळ 66-67 ला पडला.

22 सप्टेंबर 2025 ला साबणाची वडी, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटे यांचा कर 18 वरून 5 झाला. तूप, लोणी, चीज, फरसाण 12 वरून 5 वर आले. पाकीटबंद पनीर करमुक्त झाले. पण तेल, साखर, चहा, मसाले आधीपासूनच 5 टक्क्यांत होते आणि तिथेच राहिले. ज्यांच्या बिलात धान्य आणि तेलच जास्त, त्यांना फरक कुठून दिसणार? तपासायचे असेल तर सरळ गणित असे: 18 चा 5 झाला तर 118 ची वस्तू 105 ला, म्हणजे 11 टक्के स्वस्त व्हायला हवी. 12 चा 5 झाला तर सव्वासहा टक्के. 5 आणि 10 रुपयांच्या पाकिटांत कंपन्यांनी किंमत तीच ठेवून ग्रॅम वाढवले, तेव्हा तिथे वजन पाहा. आणि लक्षात ठेवा, एमआरपीत सगळे कर आलेले असतात. तिच्यावर वेगळा जीएसटी कोणी लावत असेल तर तो बेकायदा आहे.

तूरडाळ महागली की काय करावं? आणि एका ठिकाणी बेसन चणाडाळीपेक्षा स्वस्त मिळतं, ते घ्यावं का? (अकोला)

आमटीत निम्मी तूर आणि निम्मी मसूर घाला. प्रथिने मसुरीत कमी नाहीत, उलट किंचित जास्तच आहेत. मसूर लवकर शिजते, म्हणून तूर अर्धा तास आधी भिजवा, नाहीतर मसुरीचा लगदा होतो आणि तूर टणटणीत राहते. नवी तूर डिसेंबर-जानेवारीपासून बाजारात येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सहा महिन्यांची डाळ भरणे सोयीचे. तुम्ही तर तुरीच्याच मुलखात आहात. जवळच्या डाळ मिलमधून 10-15 किलो घेता आली तर तिथला भाव आधी विचारा.

बेसनाचे सांगायचे तर ते न घेतलेले बरे. डाळ दळायला खर्च येतो, तूट येते, तरी पीठ डाळीपेक्षा स्वस्त कसे? बहुधा त्यात पिवळ्या वाटाण्याचे पीठ असते. डिसेंबर 2023 पासून बराच काळ पिवळा वाटाणा विनाशुल्क आयात होत होता आणि तो हरभऱ्यापेक्षा स्वस्त पडतो. वाटाणा विषारी नाही, पण पैसे हरभऱ्याचे द्यायचे कशाला? घटकांच्या यादीत फक्त चणाडाळ लिहिलेली आहे का ते पाहा, नाहीतर डाळ आणून गिरणीत दळा.

मटार, टोमॅटो, कांदा स्वस्त असताना किती साठवावा? (पुणे)

मटार जरूर साठवा. 1 किलो शेंगांतून 450 ते 500 ग्रॅम दाणे निघतात. शेंगा 40 रुपये किलो असतील तर दाणे 80 ते 90 ला पडतात. त्या दिवशीच्या गोठवलेल्या पाकिटाच्या दराशी हा आकडा ताडून पाहा. दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे टाका आणि लगेच तितकाच वेळ बर्फाच्या पाण्यात. मग कापडावर पूर्ण कोरडे करून ताटात पसरून गोठवा आणि नंतर पिशव्यांत भरा. उकळायचे टाळले तर दोन-तीन महिन्यांत दाणा पिवळट पडतो आणि चव जाते. ओले भरले तर दगडासारखा एकच गोळा होतो. वीज रोज काही तास जात असेल तर हा उद्योग करू नका.

टोमॅटो दर पावसाळ्यात महागतात. 2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये अनेक शहरांत ते किलोला 100 च्या कितीतरी पुढे गेले होते. हिवाळ्यात 4-5 किलोचा रस आटवून निम्मा करा आणि बर्फाच्या साच्यांत गोठवा.

कांदा फक्त उन्हाळी साठवावा; पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये मान सुकलेला, टणक, मध्यम आकाराचा 15-20 किलो घ्या आणि सावलीत, हवेशीर जागी, बटाट्यापासून दूर पसरा. दर आठवड्याला मऊ पडलेला कांदा काढून टाका. ऑगस्टपर्यंतचाच घ्या. त्यानंतर कोंब आणि सड इतकी वाढते की वाचवलेले पैसे त्यातच जातात.

'दोनवर एक मोफत' घ्यावं का? (ठाणे)

तिन्ही वापरून झाली तर वस्तू एक तृतीयांश स्वस्त पडते. तिसरी टाकावी लागली तर पूर्ण भावाने पडली. साबण, मीठ, साखर, कपड्यांची पावडर जरूर घ्या. रवा, पीठ, दाण्याचा कूट, दळलेले मसाले नकोत. अशा योजनेत अनेकदा मुदत जवळ आलेला माल असतो, तेव्हा तिन्ही पाकिटांच्या तारखा एकेक करून पाहा. 'बेस्ट बिफोर' उलटले की चव आणि वास उतरतो. 'यूज बाय' किंवा 'एक्सपायरी' उलटली की ती वस्तू विकताच येत नाही.

फळीवर 185 लिहिलेलं आणि बिलात 199. काउंटरवर म्हणाले, 'ऑफर संपली.' शिवाय पिशवीचे 12 रुपये लावले. (नागपूर)

फळीवरच्या पाटीचा फोटो काढा. बिल काउंटरवरच, पैसे देण्यापूर्वी, पडद्यावर वाचा. पाटी तशीच होती तर त्या भावाने द्या किंवा वस्तू परत घ्या, असे ठामपणे सांगा. पिशवीचे पैसे आधी स्पष्ट न सांगता काउंटरवर लावणे ही अनुचित व्यापार प्रथा असल्याचे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2020 मध्ये ठरवले आहे. दुकानात दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा किंवा 8800001915 वर व्हॉट्सॲप करा. बिल, फोटो, तारीख आणि तुम्ही मागत असलेली रक्कम, एवढे हाताशी ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

एमआरपीपेक्षा जास्त घेतले किंवा वजन कमी भरले तर तक्रार राज्याच्या वैध मापन शास्त्र यंत्रणेकडे जाते. 1 किलोच्या एखाद्या पाकिटात 15 ग्रॅमपर्यंतची तूट नियमात माफ आहे, पण सगळ्या पाकिटांची सरासरी पूर्ण भरावीच लागते. म्हणून एकच पाकीट न फोडता, एकाच बॅचची चार-पाच पाकिटे दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहा. काटा रिकाम्या पिशवीचे वजनही धरतो. तेवढे वजा करायला विसरू नका.